कारणाचा रकाना

हाँगकाँगातल्या ताई पो या उपनगरात, नदीकाठी, उड्डाणपुलाच्या सावलीत, दर रविवारी ज्या दीडदोनशे बायका पुठ्ठे अंथरून बसतात, त्यांच्या बोलण्यात 'टर्मिनेट' हा शब्द मीठमिरचीसारखा असतो. अमकीला टर्मिनेट केलं, तमकीला करणार आहेत, तिसरीने मॅमच्या पुढ्यात नोटीस ठेवून मॅमलाच टर्मिनेट केलं. गावाकडे नवरा दुसरीच्या घरी राहायला गेला तर त्यालाही टर्मिनेट करतात. चांगलं इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे ऐकून ठसका लागेल, पण त्याला विचारतो कोण? हाँगकाँगच्या घराघरांत धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या या फिलिपिनो बायका. त्यांना हा शब्द कुणी वर्गात शिकवला नव्हता.

पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी मानांग एस्त्रेया बसायची. मानांग म्हणजे थोरली बहीण. वयाने धाकट्या सगळ्याच तिला तसं म्हणायच्या. एकसष्ट वर्षांची बाई, हाँगकाँगात येऊन चोवीस वर्षं झालेली, चार घरं केलेली आणि त्यातल्या दोन घरांनी टर्मिनेट केलेली. कायद्याचं पुस्तक तिने कधी उघडून बघितलं नव्हतं, पण कुठल्या कागदावर काय लिहिलं की इमिग्रेशनच्या खिडकीत काय होतं, हे तिला तोंडपाठ होतं. नव्या पोरींना पुठ्ठ्यावर बसवून, हातात वाळवलेल्या माशाचा तुकडा देऊन ती सांगायची,

"टर्मिनेट म्हटलं की लगेच रडायला बसू नका. आधी विचारायचं, कशामुळे? मॅमला तू आवडली नाहीस म्हणून, तर चौदा दिवस. बॅग भर, घरी जा, परत यायचं तर पुन्हा एजंट, पुन्हा रांग. तूच काम सोडलंस असं लिहिलं, तरी तेच चौदा दिवस. पण मालक मेला, मालकाचं दिवाळं निघालं, त्याची बदली झाली, नाहीतर तो देशच सोडून चालला, असं कारण असेल तर इथंच राहून दुसरं घर धरता येतं. तेव्हा शब्दाला घाबरू नका. कारणाचा रकाना बघा."

लुडिविनाने हे भाषण पन्नासदा तरी ऐकलं असेल. ऐकताना ती भाजी निवडायची किंवा कुणाच्या तरी नखांना रंग लावायची, कारण आपल्याला याचा काही उपयोग होईल असं तिला वाटत नव्हतं. ती पनाय बेटावरच्या सिबालोमची. वय सेहेचाळीस. नऊ वर्षं एकाच घरी होती, येउंगांच्या. चार वेळा करार संपला आणि चारही वेळा मिसेस येउंगनी जेवणाच्या टेबलावर संत्री सोलता सोलता विचारलं, "मग, पुढची दोन वर्षं?" आणि लुडी म्हणाली, "हो मॅम." इतकं सरळ.

बीजिंगचे नवे कायदे लागू झाले होते, आणि त्या वर्षी निम्मं ताई पो देश सोडायला सामान बांधत होतं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. शेजारच्या घरातून पियानो खाली गेला की बाकीच्यांनी काय ते समजायचं आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर हवेबद्दल बोलायचं. येउंगांच्या घरी पियानो नव्हता, म्हणून लुडीलाही जरा उशिरा कळलं. जूनमध्ये एका संध्याकाळी मॅमने तिला समोर बसवलं आणि सांगितलं की जुलै संपता संपता सर, मॅम आणि पंधरा वर्षांची तुंग-तुंग, तिघंही मँचेस्टरला जाणार. तिथंच राहणार.

"कुणाला बोलू नकोस," मॅम म्हणाली. "माझ्या शाळेत मी तब्येतीचं कारण सांगितलंय. आईला सांगितलंय की तुंग-तुंगला तिथल्या शाळेत घालायला चाललोय, वर्षभरात परत येऊ. तिचं वय त्र्याऐंशी. तिला हे सोसणार नाही."

लुडी कुणाला बोलली नाही. खालच्या पहारेकऱ्याने खोक्यांबद्दल विचारलं तेव्हा तिने "जुने कपडे, चर्चला देतोय" असं सांगितलं. आणि आपल्यापुरता मार्गही तिने शोधून ठेवला. समोरच्या टॉवरमधल्या मिस फोकचे वडील वसंतात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना एकदा टॅक्सीतून उचलायला लुडीने हात दिला होता, तेव्हापासून मिस फोकच्या मनात ती भरली होती. "तुझा कागद मोकळा झाला की ये," मिस फोक म्हणाली. "पण एक ऑगस्टपर्यंत अर्ज आत गेलेला मला दिसला पाहिजे. नाहीतर मी दुसरी बघणार. वडिलांना मी एकटी उचलू शकत नाही." बाई फटकळ होती, पण तिचं म्हणणं रास्त होतं. लुडीची मुलगी जेसिल इलोइलोला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आणखी दहा महिने निघाले की पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. हे दहा महिने हाँगकाँगातच काढायचे होते, सिबालोमला बसून एजंटच्या फोनची वाट बघत नव्हे. लुडीचं सगळं काही त्या अर्जावर येऊन ठेपलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मॅमने पत्र लिहून दिलं.

मिसेस येउंग प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. तिच्या अक्षराबद्दल पालकांमध्ये बोललं जायचं. पत्रात लिहिलं होतं की लुडिविना ही आमच्या घरची कामवाली नसून आमच्या आयुष्याच्या वाटेवरची सोबतीण आहे. कृतज्ञ अंतःकरणाने आणि परस्पर समजुतीने आमचा करार आता आपल्या नैसर्गिक पूर्णत्वाला पोचत असून, इतक्या वर्षांनी आपल्या माणसांत परतण्याची लुडिविनाची इच्छा आम्ही समजू शकतो. सोबतच्या सरकारी फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात, त्याच देखण्या अक्षरात लिहिलं होतं, 'परस्पर संमती'.

लुडीने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत असं कुणी तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं. रविवारी तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिसऱ्या खांबापाशी नेलं. मानांग एस्त्रेयाने चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि कागद नीट घडी घालून परत दिला.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "काच बसवून घे आणि भिंतीला टांग. सिबालोमच्या भिंतीला. चौदा दिवसांनी तू तिथंच असशील."

"असं काय गं, मानांग. किती चांगलं लिहिलंय तिने."

"चांगलं लिहिलंय म्हणूनच सांगते. आपल्या माणसांत परतण्याची इच्छा कुणाची? तुझी? तू बोललीस तसं?"

"नाही बाई."

"मग तिने तुझ्या तोंडी घातलं. खिडकीतला माणूस हे वाचणार, म्हणणार, बाईला घरी जायचंय, जाऊ द्या. तुला हाकललं असतं तरी मी एवढी घाबरले नसते. या साखरेत मुंगी मरते बघ." मग ती जरा मऊ झाली. "वाईट नाही गं तुझी मॅम. तिला वाटतंय ती तुझ्या अंगावर शाल घालतेय. तिला जाऊन सांग, शाल नको. टर्मिनेट लिहा, आणि पुढे लिहा, आम्ही देश सोडून चाललोय. दोन ओळी. एवढं सांगायला काय होतं?"

सांगायला काय होतं हे ज्याला सांगायचं असतं त्यालाच ठाऊक. लुडीने सोमवार घालवला, मंगळवार घालवला. बुधवारी मॅम स्वयंपाकघरात वाडगे वर्तमानपत्रात गुंडाळत होती तेव्हा तिने विषय काढला.

"मॅम, पत्रात थोडा बदल हवा होता."

"स्पेलिंग चुकलंय कुठे?"

"नाही मॅम. टर्मिनेट शब्द हवाय."

मॅमने हातातला वाडगा खाली ठेवला. "हे कुणी सांगितलं तुला? टर्मिनेट चोरी केलेल्याला करतात, लुडी. बंद पडलेल्या यंत्राला, भाडं थकवलेल्या माणसाला. वर्गातल्या मुलीने निरोपाच्या पत्रात हा शब्द लिहिला असता तर मी लाल रेघ मारली असती. माझ्या मुलीला तू वाढवलंस. आणि तुझ्या हातात मी असला कागद देऊ? उद्या कुणी वाचलं तर म्हणेल, हिने काय केलं असेल."

"कुणी काही म्हणत नाही मॅम. आम्ही रोज म्हणतो तो शब्द. त्याचं काही नाही. पण कारण लिहायला पाहिजे. तुम्ही कायमचे चाललाय, हे."

आता घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. मॅमने दुसरा वाडगा उचलला, त्याला आधीच गुंडाळलेला कागद काढला आणि पुन्हा गुंडाळला.

"ते लिहायची काय गरज आहे?"

"त्याशिवाय मला इथं राहू देत नाहीत."

"सरकारी कागद असतात ते. एकदा लिहिलं की लिहिलं. आणि आमचं तरी कुठे नक्की आहे? बघायला चाललोय. नाही जमलं तर येऊ परत."

घर विकलं गेलं होतं. ज्या जोडप्याने ते घेतलं त्यांना चहा लुडीनेच दिला होता, आणि पडदे ठेवायचे की न्यायचे हे त्यांनी तिच्यासमोरच विचारलं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला ते भांडं काढून दाखवणं लुडीच्या स्वभावात नव्हतं. मॅम पुढे म्हणाली, "तू असं कर, दोनतीन महिने घरी जाऊन ये. जेसिलला भेटशील. तिकीट मी काढून देते." आणि लुडी म्हणाली, "बरं, मॅम."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. न्हाणीघरात जाऊन लुडीने नळ सोडला आणि स्वतःलाच चार शिव्या दिल्या, त्याही आपल्या बोलीत, म्हणजे कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. फॉर्म भरून द्यायला आता दोन आठवडेही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आवारात मिस फोक भेटली आणि हवेबद्दल न बोलता थेट म्हणाली, "माझ्या बहिणीने एक इंडोनेशियन बाई सुचवलीय. बघू ना मग?"

"चार दिवस द्या, मिस फोक."

"चार म्हणजे चारच. वडिलांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्यात."

तो गुरुवार होता, आणि गुरुवार हा पोपोचा दिवस. पोपो म्हणजे मॅमची आई. दोन बसथांबे पलीकडे, सरकारी इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर ती एकटी राहायची. शाळेला सुट्टी असली की मॅम आणि लुडी दोघी जायच्या. लुडी कोहळ्याचं सूप डब्यातून न्यायची, मासा तिथे वाफवायची, आणि म्हातारी तिला जवळ बसवून जेवायला लावायची. घरातल्या मदतनीस बाईला हाँगकाँगात 'चेचे' म्हणतात, म्हणजे ताईच. पोपो वयाने जवळजवळ दुप्पट असूनही लुडीला चेचेच म्हणायची. तिच्या घरात टीव्हीवर सदानकदा जुनी संगीत नाटकं चाललेली असत, आणि ती आवाज मोठा ठेवायची, ऐकू येत नाही म्हणून नव्हे, एकटीला तेवढीच सोबत म्हणून.

त्या दिवशी मॅम आत भात वाढायला गेली होती. पोपोने चॉपस्टिकने माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढला, लुडीच्या वाडग्यात ठेवला आणि हळूच विचारलं,

"चेचे, तू खोटं बोलत नाहीस. मला एक सांग. ही माणसं परत येणार आहेत ना?"

लुडीने चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. नऊ वर्षांत ही म्हातारी तिला एकदाही वेडंवाकडं बोलली नव्हती. वादळात अडकून जेसिलचा चार दिवस फोन लागत नव्हता, तेव्हा चारही दिवस पोपो सकाळी फोन करून विचारायची, लागला का?

"येणार पोपो," लुडी म्हणाली. "तुंग-तुंगची शाळा लागली की येणार."

"नक्की ना?"

"नक्की."

मॅम भाताचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, सूप गार होतंय."

परत येताना दोघी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. ऊन भाजून काढत होतं. लुडीला राग आला होता, आणि रागावण्याची सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. रिकामा डबा तिने या हातातून त्या हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली.

"मॅम, मी आज तुमच्या आईशी खोटं बोलले."

"ऐकलं मी. थँक यू, लुडी."

"थँक यू नको मॅम. मला फार वाईट वाटलंय. त्यांनी मला माशाचा गाल दिला आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. तुमच्यासाठी बोलले. आता माझ्यासाठी तुम्ही खरं लिहा. तुमच्या आईला नका सांगू, शाळेत नका सांगू. फक्त त्या रकान्यात लिहा."

बस आली, दोघी चढल्या. मॅम पुढच्या जागेवर बसली आणि लुडी तिच्या मागे. दोन थांबे होईपर्यंत मॅमची मान हलली नाही. लुडीला वाटलं, संपलं, आता सोमवारी मिस फोकला नाही म्हणून सांगायचं.

घरी आल्यावर मॅमने चप्पलसुद्धा न बदलता टेबलावरची खोकी बाजूला केली, नवा फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"सांग," ती म्हणाली. "काय लिहायचं?"

अठ्ठावीस वर्षं इतरांचं इंग्रजी तपासणाऱ्या बाईला आता तिच्या घरी भांडी घासणारी बाई मजकूर सांगू लागली. मानांग एस्त्रेयाचे शब्द लुडीला पाठ होतेच. मी करार टर्मिनेट करत आहे. मॅमने लिहिलं. कारण माझं कुटुंब देश सोडून जात आहे. मॅमने लिहिलं, 'कारण माझं कुटुंब बहुधा काही काळासाठी'.

"'बहुधा' नको मॅम."

मॅमने रेघ मारली.

"'काही काळासाठी' पण नको."

"मग काय?"

"कायमचं."

मॅमने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सरांशीसुद्धा मी हा शब्द बोललेले नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघं 'तिकडे गेल्यावर' असं म्हणतो. त्याच्या पुढे जात नाही." मग तिने खाडाखोड झालेला फॉर्म फाडला, तिसरा घेतला आणि सगळा मजकूर एका दमात लिहून काढला. सहीच्या खाली तिने आपला फोन नंबर लिहिला, कारण फॉर्मवर ती जागा होती आणि रिकामी जागा सोडायची तिला सवय नव्हती. मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

लुडीने तो कागद उचलला तेव्हा तिला वाटला होता तितका आनंद झाला नाही. पण झाला, हेही खरं. ती लगेच समोरच्या टॉवरमध्ये गेली आणि मिस फोकला तो दाखवून आली. मिस फोकने वाचला, म्हणाली, "हां, हे ठीक आहे," आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडच्या नव्या कराराचे कागद सही करून दिले.

पुढच्या गुरुवारी लुडीने सुट्टी घेतली आणि इमिग्रेशनची कचेरी गाठली. डबा घेऊन मॅम एकटीच पोपोकडे गेली. लुडीचा नंबर यायला पावणेबारा झाले. खिडकीमागे मास्क लावलेला पंचविशीतला अधिकारी होता. त्याने फॉर्म वाचला, पासपोर्ट बघितला, पुन्हा फॉर्मकडे आला.

"देशांतर," तो म्हणाला. "हल्ली सगळ्याच हे कारण घेऊन येतात. मालकिणीला एकदा विचारून घेतो."

"आता?"

"आता. का?"

"काही नाही सर."

त्याने नंबर फिरवला. लुडीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. या वेळेला मासा वाफवून झालेला असणार, पोपो टेबलाशी बसलेली असणार. तिला वाटलं, मॅमने फोन उचलूच नये. मग वाटलं, उचलावा पण बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलावं, दार दोन पावलांवर तर आहे. आणि मग वाटलं, काहीही करावं पण 'बघायला चाललोय' म्हणू नये. हा शेवटचा विचार सगळ्यात मोठा होता, आणि त्याची तिला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

"मिसेस येउंग? इमिग्रेशनमधून बोलतोय. तुमच्याकडे काम करणाऱ्या लुडिविना... हो. तुम्हीच लिहिलंय ना हे? काय म्हणालात? इथे गर्दी आहे, जरा मोठ्याने बोला." त्याने कपाळाला आठी घातली आणि फोनचा स्पीकर लावला.

स्पीकरमधून आधी संगीत नाटक आलं. तोच ताशा, तोच बाईचा लांबलेला सूर. म्हणजे मॅम बाहेर गेली नव्हती. टेबलाशीच होती.

"मी विचारत होतो," अधिकारी म्हणाला, "की तुम्ही सहकुटुंब देश सोडताय, हे बरोबर आहे?"

"हो," मॅमचा आवाज आला.

"म्हणजे नोकरीसाठी थोडे दिवस, असं नाही?"

आणि मग नाटक बंद झालं. सूर मध्येच तुटला. टीव्हीचा रिमोट पोपो कायम आपल्या उजव्या हाताशी ठेवायची, दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही. लुडीने खिडकीच्या कडेवर दोन्ही हात टेकले.

"हॅलो? मिसेस येउंग?"

"ऐकतेय मी." आता त्या खोलीत दुसरा काहीच आवाज नव्हता, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ आला. "नाही, थोडे दिवस नाही. मी, माझे यजमान आणि मुलगी. कायमचे चाललोय. आम्ही परत येणार नाही."

"धन्यवाद. एवढंच हवं होतं."

त्याने फोन ठेवला, नव्या कराराचे कागद चाळले, शिक्का मारला, पोच फाडली आणि काचेखालून सरकवली. "अर्ज दाखल झालाय. निकाल लागेपर्यंत देश सोडायची गरज नाही. पुढचा नंबर."

लुडी खाली आली. दाराबाहेर रांग अजून होती, बायका पंख्यासारखे फॉर्म हलवत उभ्या होत्या. ती एका बाजूला सावलीत थांबली आणि पोचेवरचं नाव नीट आहे का ते बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. मॅमचा असेल असं समजून तिने उचलला. पोपोचा होता.

"चेचे."

"हो, पोपो."

"गेल्या गुरुवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तुला माहीत होतं."

खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं. "माहीत होतं, पोपो," लुडी म्हणाली. माफ करा, असंही तिला म्हणायचं होतं, पण तो शब्द तिला पोपोच्या भाषेत फक्त चहा सांडल्यावर म्हणायचा तेवढाच येत होता, आणि तो इथे पुरला नसता.

पलीकडे कुणीतरी रडत होतं. पोपो नव्हती, कारण पोपोचा आवाज नेहमीसारखाच होता.

"आणि तुझं काय झालं तिथे?" म्हातारीने विचारलं. "राहू देतायत तुला?"

"देतायत."

"बरं झालं," पोपो म्हणाली. "कुणीतरी राहिलं." आणि तिने फोन ठेवून दिला.